पलटण सज्ज आहे का? कोणत्या मापावर भरवसा ठेवायचा

नोव्हेंबर १९९९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या दहापैकी दोन डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या), १० वी माउंटन आणि १ ली इन्फन्ट्री, सज्जतेच्या सी-४ या श्रेणीत नोंदवल्या गेल्या. सी-१ सगळ्यात वरची; लढाईसाठी उपलब्ध तुकड्यांमध्ये सी-४ ही सगळ्यात खालची श्रेणी. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी प्रचारात हा मुद्दा उचलला आणि दोन अख्ख्या डिव्हिजन लढायला तयार नाहीत, असे देशाला सांगितले. तोवर दोन्ही डिव्हिजन पुन्हा सज्ज झाल्या होत्या. मुळात त्या सी-४ मध्ये गेल्या त्याचे कारणही ढिलाई नव्हते. त्यांचे सैनिक बोस्निया आणि कोसोव्होत तैनात होते. मोठे युद्ध पेटले असते, तर तिथून माणसे आणि रणगाडे काढून, पुन्हा सराव देऊन ठरल्या मुदतीत दुसऱ्या आघाडीवर पोचवणे जमले नसते, एवढाच त्या श्रेणीचा अर्थ होता.

संरक्षणशास्त्रात प्रबंध लिहिणारे विद्यार्थी, लष्करावर बातम्या करणारे पत्रकार आणि संरक्षण खर्चावर मत बनवू पाहणारे वाचक, या सगळ्यांना कधीतरी ठरवावे लागते की सज्जतेचा कोणता आकडा धरायचा. मापे बरीच आहेत आणि प्रत्येक माप वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देते.

सगळ्यात जुने आणि पक्के माप म्हणजे साधनांची मोजदाद. अमेरिकी लष्करात तुकडीचा प्रमुख दर महिन्याला चार गोष्टींना श्रेणी देतो: माणसे, हाताशी असलेली सामग्री, त्या सामग्रीतली चालू स्थितीतली किती, आणि प्रशिक्षण. एक बटालियन (काही शे सैनिकांची तुकडी) घ्या. माणसे ९२ टक्के हजर, म्हणजे पहिली श्रेणी. सामग्री ९५ टक्के, पुन्हा पहिली. प्रशिक्षणही उत्तम. पण वाहनांपैकी ६८ टक्केच चालू, आणि ६० ते ६९ टक्क्यांना तिसरी श्रेणी मिळते. चारांतली सर्वांत खालची श्रेणी हीच तुकडीची एकूण श्रेणी, म्हणून ही बटालियन सी-३. प्रमुखाला वाटले तर तो कारण लिहून श्रेणी वर-खाली करू शकतो.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे वर्षानुवर्षांची तुलना करता येते, आणि उणीव माणसांची आहे की सुट्या भागांची, हे लगेच दिसते. पैसा कुठे घालायचा हे ठरवायला याहून चांगले माप नाही. दोष आहे तो प्रशिक्षणाच्या रकान्यात. २००२ मध्ये अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजच्या एका अभ्यासात असे दिसले की कंपनी कमांडरांकडे (बटालियनमधल्या छोट्या तुकड्यांच्या प्रमुखांकडे) वर्षात प्रशिक्षणाचे २५६ दिवस होते आणि वरून सक्तीने लादलेले काम २९७ दिवसांचे होते. जादाच्या ४१ दिवसांच्या कामाचे काय होत असेल? त्याच कॉलेजच्या २०१५ च्या अभ्यासाने उत्तर दिले: न झालेले प्रशिक्षण झाले म्हणून सही होते, आणि प्रामाणिक अधिकाऱ्यांनाही त्याची सवय लागते. मला हा निष्कर्ष फार गंभीर वाटतो, कारण यात वाईट माणूस कुणीच नाही. फॉर्मच असा आखलेला की खरे लिहायला जागा उरत नाही.

२००२ मध्येच पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण मंत्रालयाने, दुसरी पद्धत आणली. तीत साधने मोजून न थांबता थेट विचारतात, की तुकडीला नेमून दिलेले काम जमेल का. उत्तरे तीन: हो, अटींसह हो, नाही. प्रश्न अगदी योग्य, पण उत्तर देणारा तोच, ज्याची बढती या उत्तरावर अवलंबून आहे. त्यामुळे मधल्या उत्तराचा मोह मोठा. मी हे माप एकट्याने कधीच वापरणार नाही. मोजदादीच्या शेजारी ठेवले आणि दोन्हींत तफावत दिसली, तर मात्र ती तफावत हीच खरी माहिती.

नाटोने तिसरा मार्ग धरला: वेळ. २०१८ मध्ये ठरले की ३० बटालियन, ३० हवाई स्क्वाड्रन आणि ३० युद्धनौका ३० दिवसांत वापरता आल्या पाहिजेत. २०२२ च्या नव्या आराखड्यात एक लाखाहून अधिक सैन्य १० दिवसांत आणि आणखी सुमारे दोन लाख ३० दिवसांपर्यंत, असे टप्पे आले. राज्यकर्त्यांना हेच माप सगळ्यात उपयोगी. त्याचे महत्त्व आपल्याला ऑपरेशन पराक्रमने दाखवले. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, हालचालीचे आदेश निघाले, आणि आपल्या स्ट्राइक कोअर (शत्रूच्या हद्दीत चढाई करणारी मोठी दळे) सीमेवर पोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तोवर पाकिस्तान सावध झाला होता आणि आंतरराष्ट्रीय दबावही वाढला होता. नुसत्या सामग्रीच्या टक्केवारीत ही उणीव दिसली नसती. पण आलेली तुकडी पोचल्यावर काय करू शकेल, यावर हे माप गप्प आहे.

बातम्यांत सर्वाधिक दिसते ती सामग्रीची टक्केवारी, आणि फसवते तीच जास्त. जर्मनीत २०१७ च्या अखेरीस सहापैकी एकही पाणबुडी समुद्रात जाण्याच्या स्थितीत नव्हती. हे उघड अहवालांतून जगाला कळले. मग मार्च २०१९ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तपशील गुप्त केला आणि संसदेला सांगितले की मुख्य शस्त्रप्रणालींची सरासरी सज्जता ७० टक्क्यांच्या आसपास आहे. सरासरीत पाणबुडी आणि ट्रक शेजारी बसतात, मग पाणबुड्यांचे शून्य दिसणार कुठे? पुढे डिसेंबर २०२२ मध्ये एका सरावात पुमा जातीची १८ चिलखती वाहने उतरवली आणि अठराच्या अठरा बंद पडली. बरेच बिघाड किरकोळ निघाले, पण आधीच्या टक्केवारीने कुणालाही सावध केले नव्हते.

आपल्याकडे तुकड्यांचे अहवाल गुप्तच असतात आणि तसे असणे मला योग्य वाटते. कोणती ब्रिगेड कुठे कमी पडते हे शत्रूला सांगायचे कारण नाही. पण बाहेरून तपासणारा कुणीतरी हवाच, आणि ते काम कॅगने (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) केले. सुखोई-३० साठी ७५ टक्के उपलब्धता अपेक्षित असताना ती ५५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे कॅगने २०१५ मध्ये दाखवले. दारूगोळ्याचे माप त्याहून बोलके, कारण ते दिवसांत आहे: घनघोर युद्धात साठा किती दिवस पुरेल? अधिकृत साठा ४० दिवसांचा, किमान मान्य पातळी २० दिवसांची, आणि १० दिवसांच्या आत आले की चिंताजनक. जुलै २०१७ मध्ये संसदेत आलेल्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ ला १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार १० दिवसही पुरणारे नव्हते. इथे तारीख नीट पाहावी. सप्टेंबर २०१६ मध्येच उरीचा हल्ला झाला आणि त्यानंतर तातडीची खरेदी झाली. अहवाल छापून आला तेव्हा आतला आकडा दहा महिने शिळा होता, आणि दूरचित्रवाणीवर मात्र ती आजची स्थिती म्हणून वाचली गेली.

राहिली परीक्षा. नौदलात नवी किंवा दुरुस्तीहून परतलेली युद्धनौका ताफ्यात नीट सामील होण्याआधी कोचीच्या फ्लॅग ऑफिसर सी ट्रेनिंगचे (नौदलाच्या सागरी प्रशिक्षण संस्थेचे) पथक नौकेवर चढते. आग लागल्याचे, पाणी शिरल्याचे प्रसंग उभे केले जातात आणि खलाशी काय करतात ते पाहिले जाते. मुंबईच्या वेस्टर्न फ्लीटच्या नौकांनाही यातून जावे लागते. परीक्षा चुकवली की काय होते ते अमेरिकेच्या नौदलाने २०१७ मध्ये भोगले. जपानमधल्या क्रूझर आणि डिस्ट्रॉयर या युद्धनौकांवरील खलाशांच्या ३७ टक्के प्रमाणपत्रांची मुदत त्या जूनमध्ये संपलेली होती, नौका तरीही मोहिमांवर जात राहिल्या. दोन डिस्ट्रॉयरच्या वेगवेगळ्या टकरींत मिळून १७ खलाशी गेले.

म्हणून एकच माप निवडायची सक्ती असेल तर मी बाहेरच्या परीक्षकाने घेतलेली ताजी परीक्षा निवडेन. पत्रकाराच्या हाती ती सहसा लागत नाही. त्याने निदान आकडा कोणत्या तारखेचा, फॉर्म कुणी भरला आणि कोणत्या कामासाठी भरला, एवढे विचारल्याशिवाय मथळा देऊ नये.

प्रबंधासाठी मात्र मी दारूगोळ्याचे दिवस सुचवेन, कारण कॅगचे दोन अहवाल शेजारीशेजारी ठेवता येतात. मार्च २०१३ मध्ये १७० पैकी १२५ प्रकार, म्हणजे ७४ टक्के, किमान पातळीखाली होते. सप्टेंबर २०१६ मध्ये १५२ पैकी ८३, म्हणजे ५५ टक्के. चिंताजनक प्रकार ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आले. सुधारणा दिसते, पण दोन्ही वेळचा भाजक, म्हणजे एकूण प्रकारांची संख्या, वेगळा आहे. कमी झालेले १८ प्रकार कोणते, हे शोधण्यापासून कामाला सुरुवात करा.