झेब्राफिशच्या भ्रूणासाठी मिरनीझी मिनी किट: घ्यावं का?

आरएनए वेगळा काढायचं कायजेन कंपनीचं हे किट महाग आहे, तरी भ्रूणातल्या मायक्रोआरएनएवर (जनुकांना आवर घालणाऱ्या छोट्या आरएनएवर) काम असेल तर घ्याच. कॉलमच्या (आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीच्या नळीच्या) साध्या आरएनए किटमध्ये 200 न्यूक्लिओटाइडपेक्षा (साखळीतल्या दुव्यांपेक्षा) छोटे रेणू बहुतेक धुऊन जातात, आणि मायक्रोआरएनए असतो जेमतेम 22चा. इथे तो कॉलमला धरून राहतो तो इथेनॉलच्या जोरावर.

एका ट्यूबमध्ये 20-25 भ्रूण पुरतात. पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढा, नाहीतर कायझॉल (पेशी फोडणारं फिनॉल-ग्वानिडीनचं द्रावण) पातळ होतं. 700 मायक्रोलिटर कायझॉलमध्ये भ्रूण पूर्ण विरघळवा, 5 मिनिटं ठेवा, 140 मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म घालून 15 सेकंद जोरात हलवा. 2-3 मिनिटं थांबून सेंट्रिफ्यूजमध्ये 4 अंशांवर 12,000 जीने (गुरुत्वाच्या 12,000 पट जोराने) 15 मिनिटं फिरवा. मध्ये पांढरी साय धरते. बलकातल्या प्रथिनांमुळे भ्रूणांची साय जाडच येते. वरचा थर थोडा सोडावा लागला तरी चालेल, पिपेटचं टोक सायीला लागू देऊ नका.

आता मुख्य पायरी. वरचा थर 350 मायक्रोलिटर निघाला तर शुद्ध इथेनॉल 525, म्हणजे नेमकं दीडपट. अंदाजाने ओतलं आणि कमी पडलं, की छोटे रेणू कॉलममधून खाली गेलेच. आरडब्ल्यूटी या धुण्याच्या द्रावणाच्या नव्या बाटलीत इथेनॉल घालायचं राहिलं तरी तेच होतं, म्हणून घातल्याबरोबर झाकणावर खूण करा. आरपीई या दुसऱ्या द्रावणाच्या दोन धुण्यांनंतर कॉलम नव्या ट्यूबमध्ये रिकामा फिरवा. ग्वानिडीनचं मीठ मागे राहिलं तर 260/230 हा शुद्धतेचा आकडा पडतो.

आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा 10 पैकी आकडा) 9 आला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो आकडा मोठ्या रायबोसोमल आरएनएची प्रत सांगतो, मायक्रोआरएनएबद्दल काहीच नाही. खरी परीक्षा एमआयआर-430 या मायक्रोआरएनएची. आईकडून आलेले शेकडो संदेश-आरएनए साफ करणारा हा रेणू. डायसर (मायक्रोआरएनए घडवणारं विकर) नसलेल्या भ्रूणांचा मेंदू नीट घडत नाही, आणि हा एकच रेणू टोचून दिला तर तो बराच सावरतो. दीड तासाच्या भ्रूणात एमआयआर-430 जवळजवळ नसतो, 5 तासांच्या भ्रूणात भरपूर. दोन्ही वयांचे नमुने एकाच दिवशी काढून स्टेम-लूप क्यूपीसीआर (छोटे आरएनए मोजायची चाचणी) लावा. 5 तासांच्या नमुन्यातही तो दिसला नाही, तर आधी इथेनॉलचं माप तपासा.

किट 50 नमुन्यांचं. क्लोरोफॉर्म, इथेनॉल आणि डीएनएज (डीएनए तोडणारं विकर) वेगळं घ्यावं लागतं, ते खर्चात धरा. कायझॉल किंवा आरडब्ल्यूटीच्या सांडपाण्यात ब्लीच कधीही ओतू नका, ग्वानिडीनशी मिळून विषारी वायू निघतो.