बोन ते सांतने: द्राक्षांच्या वावरांतून २२ किलोमीटर

फ्रान्समधला वाइनसाठी प्रसिद्ध बर्गंडी प्रांत ही पॅरिसहून एका दिवसात उरकायची जागा नाही. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनावरून दिजोंपर्यंत टीजीव्ही या वेगवान रेल्वेला दीड-पावणेदोन तास लागतात. तिथे गाडी बदलली की बोन वीस-पंचवीस मिनिटांवर. सकाळी उशिरा पोचलात तर छोट्या शेतकऱ्यांची वाइनची तळघरं जेवणाच्या सुट्टीसाठी बारा वाजता बंद होतात आणि दोननंतर उघडतात. म्हणून बोनमध्ये दोन रात्री राहा आणि त्यातला एक अख्खा दिवस ‘व्वा दे विन्य’ या सायकलमार्गाला द्या.

बोनपासून पोमार, वोल्ने, मर्सो, प्युलिनी-मोंराशे अशी गावं घेत हा रस्ता सांतनेपर्यंत जातो. तो जातो थेट द्राक्षांच्या वावरांतून, आणि या भागातलं खरं पाहण्यासारखं तेच आहे. इथे एकेका वावराला नाव आहे. त्याला ‘क्लिमा’ म्हणतात. अशा १,२४७ क्लिमांची युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद केली. धुऱ्याच्या अलीकडची वाइन आणि पलीकडची वाइन यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक पडतो, द्राक्षाची जात तीच असली तरी.

काटोल-वरूडकडे संत्र्याची बाग असलेल्याला याचं कारण दोन मिनिटांत कळेल. सर्वांत वरचा दर्जा, म्हणजे ग्रां क्र्यू, बहुतेक उताराच्या मधल्या पट्ट्यात मिळतो. माथ्यावर माती पातळ असते. खाली सपाटीला ती खोल आणि भारी, पाणी धरून ठेवणारी. मधल्या पट्ट्यात चुनखडीवरून निचरा होतो आणि पूर्वेकडे तोंड असल्याने सकाळचं ऊन लवकर मिळतं. भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की संत्र्याला डिंक्या रोग लागतो. तिथेही सारा खेळ निचऱ्याचाच. सायकलवर हा चढ पायांना कळतो, व्हॅनमधून नाही. अर्ध्या दिवसाच्या व्हॅन सहलींचा फायदा एवढाच, की गाडी चालवायची चिंता राहत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर बॅटरीवाली सायकल भाड्याने घ्या आणि व्हॅन सोडा.

रस्ता पक्का आहे, चढ फार नाहीत. पावसानंतर मात्र ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल रस्त्यावर येतो आणि वळणावर सायकल घसरते. वेलींच्या ओळीवरून चालणाऱ्या उंच ट्रॅक्टरला आधी वाट द्या. वावरात पाय ठेवू नका. बोनच्या उत्तरेला रोमाने-कोंतीचं जगप्रसिद्ध वावर आहे, जेमतेम साडेचार एकरांचं. तिथेही रस्त्यावरूनच पाहा, अशी विनंती लिहिलेली आहे. परतताना थकलात तर सांतनेजवळच्या शाञी स्टेशनावरून बोनसाठी टीईआर ही स्थानिक रेल्वे मिळते.

तळघरात जायचं तर आधी ईमेलने वेळ ठरवावी लागते. रविवारी आणि ऑगस्टमध्ये बरीच दारं बंद असतात, सप्टेंबरच्या तोडणीत कोणाला फुरसत नसते. मे-जून उत्तम. तळघर बारा-तेरा अंशांवर असतं, त्यामुळे जूनमध्येही स्वेटर हवाच. एका चवीला ३०-५० मिलिलिटर ओततात. सहा वाइन पूर्ण प्यायल्या तर १८० ते ३०० मिलिलिटर, म्हणजे जवळपास पाव ते दोन-पंचमांश बाटली पोटात जाते. बादली थुंकण्यासाठीच ठेवलेली असते, वापरायला लाजू नका. रक्तातल्या अल्कोहोलची लिटरमागे ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे.

शाकाहारींनी जेवताना नीट विचारावं. ‘अफ ऑं मरेत’ म्हणजे रेड वाइनच्या रश्शातली अंडी, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. ‘गुजेर’ म्हणजे चीज घालून भाजलेले फुगीर गोळे चालतील, अंडं खात असाल तर. बोनमधलं १४४३ सालचं ओतेल-द्यू हे गोरगरिबांसाठी बांधलेलं इस्पितळ चुकवू नका. त्याच्या दानात आलेल्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. त्या आठवड्यात खोली मिळणं कठीण.

बाटल्या आणताना भारतात माणशी दोन लिटर करमुक्त. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन आणि एक अर्धी बाटली. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेतच ठेवा. विमानतळावरच्या दुकानातून हातात घेतलेली बाटली मुंबईत किंवा दिल्लीत कस्टम झाल्यावर नागपूरच्या विमानासाठी पुन्हा चेक-इन बॅगेत घालावी लागते, नाहीतर सुरक्षा तपासणीत अडते. पुढे वर्ध्याला जाणार असाल तर बाटली नागपुरातच ठेवा, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

नागपूरच्या मे महिन्यात उभ्या कारच्या डिकीत बाटली तासभरही ठेवू नका. बूच वर सरकतं, वाइन झिरपते आणि चव शिजल्यासारखी होते. घरी फ्रिजच्या खालच्या खणात आडवी ठेवा. बर्गंडीची रेड वाइन १४-१६ अंशांवर प्यायची असते, त्यामुळे फ्रिजमधून काढून उन्हाळ्यात थोडा वेळ, डिसेंबरात त्याहून जास्त वेळ थांबून मगच ओता.