लँडिंग पॅडची पोलादी कड आणि माझ्या खिशातला टेस्टर

ड्रोनखाली अंथरायचं 75 सेंटिमीटरचं गोल लँडिंग पॅड मागवून मला आता वर्ष होत आलं. घरपोच 640 रुपये पडले. एक बाजू नारंगी, दुसरी निळी, मधोमध मोठा एच, सोबत चार खुंट्या आणि गुंडाळून ठेवायला पिशवी. पॅडवर कुणाचं नाव नाही, पिशवीवरही नाही. अशी पॅडं दहा दुकानदार दहा नावांनी विकतात, पण माल एकाच साच्यातला दिसतो. म्हणून हे सगळं त्या जातीच्या पॅडबद्दल समजा.

माझं अमळनेरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या सबमर्सिबल उघडायच्या, स्टेटरमधली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी भरायची, हा धंदा. ड्रोन हा निव्वळ शौक. डीजेआय या चिनी कंपनीचा मिनी 2 आहे, वजन 249 ग्रॅम. आधीच्या मालकानं तो जपून वापरला होता आणि मीही जपतो, कारण 2022 च्या फेब्रुवारीत परदेशी ड्रोनची आयात बंद झाली. आपटला तर तस्साच दुसरा दुकानात जाऊन उचलून आणता येत नाही.

पॅड घेतलं ते फुफाट्यामुळे. फेब्रुवारीनंतर आमच्याकडे शेताच्या बांधावर पाय ठेवला तरी धूर निघाल्यासारखी माती उडते. त्यात पंखे फिरले की ड्रोन दिसेनासा होतो. मोटारवाला म्हणून मला त्या धुळीची जास्तच धास्ती. ड्रोनच्या मोटारीत कायमचे लोहचुंबक असतात, आणि आपल्या काळ्या मातीत, नदीच्या वाळूत लोहाचे बारीक कण असतात. बोरी नदीच्या वाळूत लहानपणी जुन्या स्पीकरचा चुंबक फिरवला की त्याला काळी दाढी फुटायची, तेच हे कण. ते मोटारीत शिरून चुंबकाला चिकटले की फुंकून निघत नाहीत. या कामात पॅड शंभर टक्के उपयोगी आहे. कापड जाड आहे, गवताचे काटे वर येत नाहीत, ओल्या मातीवर टाकलं तरी पुसलं की साफ. वर्षभरात नारंगी रंग थोडा उडाला, शिवण मात्र एका जागीही उसवली नाही.

आता कुरबूर. कुरबुरीच्या निमित्तानं ड्रोनमधल्या कंपासच्या, म्हणजे होकायंत्राच्या, कॅलिब्रेशनचंही सांगून टाकतो, कारण माझं आणि भाच्याचं त्यावरून दोन वर्षं वाजतंय.

पॅड सोडलं की टपकन उघडतं, कारण त्याच्या कडेत पोलादी पट्टी शिवलेली असते. जाहिरातीत हे कुठं ठळक लिहिलेलं नाही. मला कळलं ते दुकानात. पॅड टेबलावर टाकलं आणि शेजारचा चुंबक जाऊन कडेला खटकन बसला. खुंट्याही लोखंडी. मग फोनमध्ये चुंबकीय क्षेत्र दाखवणारं ॲप घेतलं आणि पॅड घेऊन मावशीच्या शेतात गेलो. मोकळ्या रानात, पॅडपासून दहा पावलं लांब, आकडा 43-44 मायक्रोटेस्ला. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकत्व साधारण तेवढंच असतं. पॅडच्या मध्यावर फोन ठेवला, 46. कडेवर ठेवला, 80 च्या पुढे. खुंटीला टेकवला तर आकडा कुठल्या कुठे. फोन उचलून पुन्हा मध्यावर आणला की परत 46.

म्हणजे मध्यावर ठेवलेल्या ड्रोनला फार त्रास नाही. पण ड्रोन कडेला सरकवून ठेवला, आणि त्याच अंगाला खुंटी ठोकलेली असली, तर पडद्यावर कंपासचा इशारा येतो. माझ्याकडे दोनदा आला. दोन्ही वेळा भाचा लगेच म्हणाला, "मामा, कॅलिब्रेट करा." मी ड्रोन उचलून हातभर आत, एचवर ठेवला. इशारा गेला.

आमचं भांडण नेमकं इथंच. त्याच्या मते प्रत्येक उड्डाणाआधी कंपास कॅलिब्रेट केलाच पाहिजे. पोरगं शेतात उतरलं की आधी ड्रोन छातीशी धरून स्वतःभोवती एक फेरी घेणार, मग ड्रोनचं नाक खाली करून दुसरी फेरी. मावशीचे शेजारी तात्या बांधावर उकिडवे बसून हे बघत होते. शेवटी न राहवून विचारलं, "काय रे भाऊ, गरगर काय फिरी ऱ्हायना?"

एकेकाळी मीही असाच फिरायचो, आणि त्यानंच मला गाळात घातलं होतं. ड्रोन नवा नवा होता तेव्हा रोज सकाळी दुकानासमोर कॅलिब्रेशन करायचो, म्हणजे शेतात गेल्यावर वेळ जायला नको. दुकानासमोर काय असतं? ओळीनं उभ्या केलेल्या सबमर्सिबल, स्टार्टरचे डबे, छोट्या हत्तीचा लोखंडी हौदा. त्यांच्यामध्ये उभा राहून मी कंपासला शिकवत होतो की उत्तर दिशा कुठं आहे. बरं, त्यानं ते बिनतक्रार मान्यही केलं, पडद्यावर हिरवी खूण आली. शेतात गेलो, तीन-चार मीटर वर नेला आणि रिमोटच्या काड्या सोडल्या. ड्रोन जागेवर थांबेना. आधी ताटाएवढं वर्तुळ, मग खाटेएवढं, मग गाडीच्या घेराएवढं. मी घाबरून खाली ओढला तो थेट उभ्या कपाशीत. दोन पंखे तुटले, कॅमेऱ्याची मान वाकडी झाली. ड्रोनचा यात काही दोष नाही, चूक सगळी माझी.

वर्तुळ का, तर जीपीएस सांगतो ड्रोन कुठं आहे, कंपास सांगतो त्याचं तोंड कुठं आहे. वारा त्याला पूर्वेला ढकलतो तेव्हा त्याला पश्चिमेला यायचं असतं. पण पश्चिम कुठली हेच चुकीचं शिकवलेलं असेल तर तो तिरका जातो, पुन्हा सुधारायला बघतो, पुन्हा तिरका. आमच्याकडे फेज उलटा लागला की पंप उलटा फिरतो आणि पाणी धड चढत नाही. पंप बिचारा दिलेल्या आज्ञेप्रमाणेच फिरत असतो.

कॅलिब्रेशन म्हणजे तराजूचा पासंग काढणं. ड्रोनच्या अंगात स्वतःचं लोखंड आणि चुंबक असतात, मोटारी, स्क्रू. गोल फिरवलं की पृथ्वीचं चुंबकत्व जागेवर राहतं आणि ड्रोनचं स्वतःचं त्याच्याबरोबर फिरतं. त्यावरून कंपास ओळखतो की आपला पासंग किती, आणि तेवढा वजा करतो. म्हणून पासंग काढताना तराजूवर कुणाचं बोट असू नये. बोट ठेवून काढलेला पासंग दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला चुकीचं वजन देतो. आणि हे उलटूनही बघा: जमिनीखाली सळया असतील, शेजारी गाडी असेल, तर ते लोखंड ड्रोनबरोबर फिरत नाही. ते कॅलिब्रेशननं जात नाहीच. त्यावर एकच इलाज, चार पावलं लांब जाणं.

अपघातानंतर मी शहाणा झालो आणि उघड्या शेतात कॅलिब्रेशन करू लागलो. तरी दिशा थोडी चुकतच होती. नकाशावरचा बाण खऱ्या दिशेपेक्षा वीसेक अंश हटलेला. पंधरा दिवस डोकं खाजवलं. मग एका सकाळी ड्रोन छातीशी धरून फिरताना खाली वाकलो आणि शर्टाच्या खिशातून टेस्टर पडला. वायरमनच्या खिशात टेस्टर असतोच, आंघोळीला जाताना तेवढा काढतो. माझ्या दुकानातला प्रत्येक स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्टर मोटारींच्या संगतीनं चुंबक झालेला, टोकाला स्क्रू आपोआप लटकतो. तो चार बोटांवरून ड्रोनबरोबरच फिरत होता. म्हणजे हा ड्रोनच्याच अंगातला लोखंडाचा तुकडा, असं कंपासला वाटणार नाही तर काय! टेस्टर, फोन, चाव्यांचा जुडगा बांधावर ठेवले, हात लांब करून पुन्हा एकदा फिरवला. त्यानंतर बाण आजतागायत हटलेला नाही.

आता किती वेळा, हा प्रश्न. मिनी 2 च्या पुस्तिकेत स्पष्ट आहे: मागच्या उड्डाणाच्या जागेपासून 50 किलोमीटरपेक्षा लांब गेलात, 30 दिवसांपेक्षा जास्त दिवस उडवला नाही, किंवा पडद्यावर इशारा आला, तर करा. प्रत्येक वेळी करा असं कुठंही नाही. माझ्या मते पुस्तिकाही जरा जास्तच काळजी घेते. अमळनेरहून जळगावला गेलं म्हणून पृथ्वीचं चुंबकत्व काही बदलत नाही. पण गाडीच्या डिकीत ड्रोन स्पीकरला चिकटून प्रवास करतो, म्हणून लांब गेल्यावर एकदा करतो. शिवाय जोरात आपटला, मोटार किंवा पाय बदलला, सॉफ्टवेअर नवं टाकलं, तरच. वहीत लिहून ठेवतो. गेल्या दिवाळीपासून सात वेळा. त्यातलं एक तोरणमाळला. तिथं काळ्या कातळावर ड्रोन ठेवला आणि इशारा आला. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, काही कातळ तर स्वतःच अशक्त चुंबक. भाचा तिथंच फिरवायला निघाला होता. आधी गवताच्या पट्ट्यात नेला, इशारा गेला, मग पुस्तिकेच्या मानासाठी तिथं एकदा केलं.

लोखंडापासून लांब जाणं हाच उपाय, हे मोठ्यांनाही चुकलं नाही. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात पृथ्वीचं चुंबकत्व मोजत. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटनं मोजणी बिघडणार म्हटल्यावर ते काम उचलून अलिबागला नेलं, आणि 1904 पासून तिथं मोजणी चालते. त्यांनी यंत्रं पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट करत ट्रामशी झुंज घेतली नाही.

रोज करायचं ते वेगळंच आहे, आणि त्याला अर्धा मिनिट लागतं. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर आपण हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात आहोत ना, हे घरूनच बघतो. शेतात ड्रोनचं नाक शिवाररस्त्याच्या दिशेला करून ठेवतो. पडद्यावरच्या नकाशात बाण रस्त्याला समांतर दिसला की कंपास ठीक. मग डोक्याएवढ्या उंचीवर काड्या सोडून वीस-तीस सेकंद नुसता बघत उभा राहतो. सरकला, गोल फिरू लागला, तर खाली. भाच्याच्या दोन फेऱ्यांपेक्षा ही तपासणी जास्त खरं बोलते, कारण फेऱ्या झाल्या की पडदा हिरवी खूण देतो, टेस्टर खिशात असला तरी.

आयएमयूचं, म्हणजे ड्रोनचा कल आणि हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरचं, कॅलिब्रेशन निराळं, त्याचा लोखंडाशी संबंध नाही. त्याला सपाट जागा आणि थंड ड्रोन लागतो. मी दुकानातल्या काचेवर पाणसळ ठेवून करतो, दोन वर्षांत दोनदा. या पॅडवर करू नका, खाली ढेकूळ असलं की पॅड तिरकं. आणि मे महिन्यात तर दुपारी ड्रोन बाहेरच काढू नका. या ड्रोनची मर्यादा 40 अंशांची आहे, आमच्याकडे पारा त्याच्या किती वर असतो ते सांगायला नको.

पॅडकडे परत येतो. खुंट्या मी पहिल्याच आठवड्यात स्क्रॅपच्या डब्यात टाकल्या. कडेवर चार ढेकळं ठेवली तरी पॅड उडत नाही. नंतर कडेची शिवण एका जागी उसवून पोलादी पट्टी ओढून काढली आणि तिच्या जागी ठिबकची 16 मिलिमीटरची लॅटरल घातली. अडीच मीटरला थोडी कमी लागली. जोडाला ठिबकचाच जॉइनर. आता पॅड दुमडून पिशवीत जात नाही, गाडीच्या मागच्या सीटवर उभं ठेवावं लागतं, पण कडेवरही फोन 44 च दाखवतो. विकणाऱ्यानं प्लॅस्टिकची कड आणि प्लॅस्टिकच्या खुंट्या दिल्या असत्या तर दहा-वीस रुपये जास्त गेले असते, एवढंच. म्हणून पाचातले साडेतीन. कापडाला आणि शिवणीला पूर्ण, कडेसाठी एक कापला, आणि जाहिरातीत लोखंडाचा उल्लेख टाळला म्हणून अर्धा.

तात्यांनी परवा पॅड हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हाई काय शे?" मी सांगितलं, विमानाची सतरंजी. त्यांना पटलं. घरी मात्र त्याचा उपयोग वेगळाच ठरलाय. एप्रिलमध्ये बायकोनं निळ्या बाजूवर धुतलेलं फडकं टाकून गच्चीवर बिबडे वाळत घातले, आणि आता म्हणते, आणखी दोन मागवा, पण कडेत ती नळी घालत बसू नका, दुमडून ठेवायला बरं पडतं.