म्हशीच्या नावावर काढलेले 50,000

‘सबसिडीचं लोन’ म्हणत निपाणीकडच्या गावांतून कोणी अक्का फिरत आली, तर तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. पद्धत अशी: कर्ज बायकांच्या नावावर, निम्मे पैसे तिचे, आणि हप्ते म्हणे सरकार भरणार.

छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीकडून माझ्या नावावर 50,000 उचलले. 25,000 मला दिले, 25,000 तिने शाखेबाहेरच मोजून पिशवीत घातले. हप्ता महिना 2,640, दोन वर्षं. पहिले चार तिने भरले, ते बघून गल्लीतल्या आणखी बायका तयार झाल्या. हिशोब नंतर लागला: 10,560 भरले तेही माझ्याच पैशातून, उरलेले 14,440 घेऊन फोन बंद.

आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. आत जायच्या आधी ती म्हणाली होती, “साहेबांनी विचारलं तर म्हैस घ्यायची म्हणून सांगा.” सरकारी योजना असती तर म्हशीचं खोटं कशाला? माझ्याकडं ना गोठा ना वैरण. साहेबांनी मान वर न करता ‘म्हैस’ लिहून टाकलं. त्यांनाही कर्जं वाटायचं टार्गेट होतंच की!

लोभ म्हणू नका. नवऱ्याच्या ऑपरेशनला सावकाराचे 20,000 काढलेले, शेकडा पाचनं. विड्या वळून महिन्याला 1,000 नुसतं व्याज जायचं, मुद्दल तसंच. बँक विडीवालीला दारात उभी करत नाही. सावकार फिटला खरा, पण आता सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000, तेही आले तर, हप्त्यात जातात. वरचे 640 विड्यांतून. थोरलीचं कॉलेज बंद झालं.

ठाण्यात म्हणे अर्ज कन्नडमध्ये आणा. लिहून घ्यायला 300 मोजले. वाचून म्हणाले, “सही तुमची, खातं तुमचं, आम्ही काय करणार?” कंपनी म्हणते, त्या बाईला ओळखतच नाही. चार महिने हप्ते तीच आणून देत होती, तेव्हा बरी ओळख होती! कचेरीतून अर्ज वर पाठवलाय. कुठं वर, ते कोणी सांगत नाही. वसुलीवाले रात्रीपर्यंत दारात बसतात. कर्नाटकच्या 2025 च्या मायक्रोफायनान्स कायद्यात अशा जबरदस्तीला 10 वर्षांपर्यंत कैद आहे, हे हवालदाराला मीच सांगितलं. तो हसला.

आता कर्जमाफीचा अर्ज भरतो म्हणून कोणी पैसे मागेल. एक रुपया देऊ नका. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपनीचं कर्ज त्या कायद्यानं माफ होत नाही. कर्जाचा तपशील असलेलं लोन कार्ड मराठीत मागा, हक्क आहे. ओटीपी सांगू नका. कंपनीकडं लेखी तक्रार करून पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा, माहितीला फोन 14448. माझी तक्रार गेलीय.