जिन्यातली रंगीत काच : दहा महिन्यांनंतर

गेल्या नोव्हेंबरात आमच्या कोल्हापूरच्या घरी जिन्यातल्या पश्चिमेच्या खिडकीला रंगीत काच बसवली. चार फूट उंच, तीन फूट रुंद, बारा तावदानं. निळी, हिरवी, पिवळी आणि मधोमध दोन लाल. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा तिन्ही बघून झाले, म्हणून आता लिहिते आहे.

आधी याच खिडकीला रंगीत फिल्म होती. पश्चिमेच्या उन्हाने ती दोन वर्षांत फिकी पडली, कडेने सुटली. या वेळी अंगचा रंग असलेलीच काच हवी होती. मुंबईच्या राजाबाई टॉवरमधल्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या रंगीत काचेच्या खिडक्या पाहिल्यापासून ते डोक्यात होतं. ती इमारत 1878 साली पूर्ण झाली, पण त्या खिडक्यांतून येणारा उजेड आजही काय भरदार दिसतो! खऱ्या रंगीत काचेत रंग काच वितळतानाच मिसळतात, कोबाल्टने निळा, क्रोमियमने हिरवा. त्यामुळे तो उन्हाने उडत नाही.

दुकानात काचेची कड जरूर बघा. आमच्या निळ्या काचेची कडसुद्धा निळीच होती. लाल काचेची कड मात्र जवळजवळ पांढरी दिसली आणि मला वाटलं, फसवतोय हा. तसं नव्हतं. लाल रंग इतका गडद असतो की सबंध जाडीत घातला तर काच काळपट दिसते, म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. नखाने खरवडून पाहिलं, निघाला नाही. रंग ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. तुकडा घरी आणून आपल्याच खिडकीत दुपारी चार वाजता धरा.

डिसेंबर-जानेवारीत सुख होतं. ऊन नैऋत्येकडून तिरपं यायचं, कवडसे उत्तरेच्या कोऱ्या भिंतीवर पडायचे आणि हळूहळू वर चढायचे. चहाचा कप घेऊन मी पायरीवर बसून राहायचे.

मे महिन्यात सूर्य उत्तरेकडे सरकला आणि तेच कवडसे दक्षिणेच्या बाजूला, थेट पायऱ्यांवर आले. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. एका संध्याकाळी कठडा धरून मधेच थांबली आणि म्हणाली, "अगं, पायरी कुठं संपते तेच कळंना." खाली वाकून बघितलं तर खरंच, लाल-निळा पट्टा दोन पायऱ्यांवर सलग पसरला होता आणि पायरीची कड त्यात पार बुडाली होती. हा विचार ना मी केला होता, ना काच बसवणाऱ्याने. त्याच दिवशी प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी खरखरीत पट्टी चिकटवली. जिन्यात रंगीत काच लावणार असाल तर वर्षभर ऊन कुठे कुठे पडतं ते आधी बघा.

एप्रिलात एक गडद निळं तावदान कोपऱ्यातून तडकलं. गडद काच ऊन शोषते, हात लावला तर चटका बसतो. कारागिराने ती चौकटीत घट्ट ठोकून बसवली होती, फुगायला जागाच नव्हती. नवीन बसवताना चारी बाजूंनी थोडी फट ठेवून घेतली, अजून तरी ठीक आहे. पहिल्या वळवाला लुकणातून (काच बसवायच्या पुटीतून) पाणीही झिरपलं. मग बाहेरून साधी टफन (सहजी न फुटणारी, कणखर केलेली) काच लावली आणि दोन्ही काचांमध्ये हवा खेळेल एवढी जागा सोडली. हा खर्च सुरुवातीलाच करायला हवा होता. पाऊस अडला, दगड-चेंडूची धास्ती गेली आणि आता बाहेरून फक्त साधी काच पुसावी लागते.

पावसाळ्यात, आभाळ भरलेलं असताना, लाल आणि गडद निळी तावदानं नुसती काळी दिसतात. जिन्यात दुपारी दिवा लावावा लागला. पिवळी मात्र ढगाळ दिवशीही उजळ, जणू बाहेर ऊन पडलंय. पुन्हा करायची झाली तर निम्मी तावदानं फिकी पिवळी किंवा साधीच ठेवीन.

काढून टाकायचा विचार एकदाही मनात आला नाही. दसऱ्याच्या आधी दोन्ही लाल तावदानं अगदी वरच्या ओळीत हलवून घेणार आहे आणि खालची ओळ साधी दुधी करणार आहे. आईने एकच अट घातली आहे, पिवळ्याला हात लावायचा नाही.