फिल्टर चोक झाल्याचे सांगून घेतलेले साडेसतरा हजार

मागच्या हंगामात कापसाची दुसरी वेचणी सुरू असताना माझ्या पिकअपच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. जिनिंगमध्ये कापूस उतरवून रिकामी परततानाही साध्या चढावर गिअर उतरवावा लागत होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून कंपनीचे सर्व्हिस सेंटर लांब, वावरात वेचणारी माणसे आणि घरात कापसाचा ढीग. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारे यंत्र, असलेल्या एका गॅरेजात गाडी नेली.

तिथल्या मिस्त्रीने स्कॅनर लावला, पडदा स्वतःकडेच ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, फिल्टर पुरा चोक झाला. नवीन टाकाल तर लाखाच्या घरात जाते, मी साफ करून देतो." मला ते पटले, कारण त्यात तथ्य होते. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे मानक) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो; साचलेली काजळी जळायला आतले तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते, आणि पांदण रस्त्याने छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तेवढी उष्णता क्वचितच तयार होते. एवढे मी ऐकून होतो, त्यामुळे पुढे काही विचारलेच नाही. साफसफाईचे ११,००० आणि नव्या प्रेशर सेन्सरचे ६,५०० रुपये एका कच्च्या चिठ्ठीवर लिहून मिळाले. दिवा विझला होता आणि गाडीही पळत होती.

तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. गॅरेजवाल्याचे उत्तर तयार होते: आता फिल्टरच बदलावा लागेल.

दरम्यान माझ्या मावसभावाचा मुलगा, जो आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झाला आहे, दोन दिवसांसाठी घरी आला होता. त्याने स्वतःचा स्कॅनर लावून पडदा माझ्यासमोर धरला. कॉम्प्युटरने नोंदवलेल्या दोषाचा कोड होता पी २४५३, म्हणजे फिल्टरच्या दाबाचा सेन्सर चुकीचे आकडे देतो आहे. काजळी साचल्याचा कोड वेगळा, पी २४६३. तो तिथे नव्हताच. मग त्याने इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली आणि दाबाचा आकडा दाखवला: ८२ मिलीबार. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब दोन रबरी नळ्यांतून या सेन्सरपर्यंत येतो आणि त्यांतला फरक तो कॉम्प्युटरला कळवतो. इंजिन बंद असताना धूरच वाहत नाही, तेव्हा फरक शून्याच्या जवळ हवा. "काका, आता बघा," म्हणून त्याने दोन्ही नळ्या सेन्सरवरून उपसून काढल्या. दोन्ही तोंडे उघड्या हवेत, तरी आकडा ८२ च. फिल्टर चोक असो वा नसो, त्याचा आता सेन्सरशी संबंधच उरला नव्हता. वायरिंगची शंका नको म्हणून त्याने मल्टिमीटर लावला. ५ व्होल्टचा पुरवठा बरोबर होता, अर्थिंगही ठीक होते, फक्त सिग्नलच्या वायरवर २.१ व्होल्ट येत होते, जिथे अशा सेन्सरवर शून्य दाबाला साधारण अर्धा ते एक व्होल्ट येतो. नळ्यांत पाणी वा काजळी अडकलेली नव्हती, उंदराने कुरतडलेलेही नव्हते. आमच्याकडे गोठ्याशेजारी उभ्या असणाऱ्या गाड्यांत हे आवर्जून पाहावे लागते.

खरा धक्का त्यानंतर बसला. त्या "नव्या" सेन्सरच्या स्क्रूंच्या खाचांत श्रावणातला काळ्या मातीचा चिखल वाळून घट्ट बसला होता आणि त्यावर कापसाचे तंतू चिकटलेले होते. स्क्रू कुणी फिरवलेलाच नव्हता. फिल्टरच्या क्लॅम्पच्या नटांवरचा गंजही अखंड होता, पान्याचा एकही ओरखडा नव्हता. साडेसतरा हजारांत मिस्त्रीने फक्त कोड पुसला होता. कोड पुसला की दिवा विझतो, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला तोच दोष पुन्हा आढळला की परत लागतो.

यवतमाळहून मागवलेला मूळ कंपनीचा सेन्सर ४,२०० रुपयांना पडला. तो बसवल्यावर इंजिन बंद असताना आकडा शून्यावर आला, आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) चार-पाच मिलीबार राहिला आणि रेस दिल्यावर वाढून पुन्हा खाली उतरला. फिल्टर धडधाकट होता.

सगळ्याचे फोटो घेऊन मी गॅरेजात गेलो. बराच वेळ हुज्जत घातल्यावर सेन्सरचे ६,५०० परत मिळाले. साफसफाई मात्र "बाहेरूनच केमिकल सोडून केली" असे नवीनच सांगण्यात आले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण माझ्या हाती ना पक्के बिल, ना त्या दिवशीच्या स्कॅनरच्या पडद्याचा फोटो, ना काढलेला म्हणून सांगितलेला जुना पार्ट. या तिन्ही गोष्टी पैसे देण्याआधी मागता आल्या असत्या. उरलेल्या ११,००० ची तक्रार मी त्या कच्च्या चिठ्ठीवरच लिहून ठेवली आहे, आणि तो सेन्सर चिखलासकट पिशवीत बांधून तिच्यासोबत ठेवला आहे.