छोट्या ट्रॅक्टरला घरीच बनवलेला लोडर: आठ महिने वापरल्यावर

लोडर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढं लावलेले दोन आर्म आणि बकेट, वजन उचलतो. हे आधी सांगून टाकतो, कारण बनवत होतो तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून तेवढंच विचारायचा. आठ महिने झाले, अवरमीटरवर १९० तास वाढले, त्यातले निम्म्याहून जास्त लोडरचे. माती, वाळू, खडी, शेणखत, एकदा वादळात पडलेल्या झाडाचा बुंधा, सगळं उचलून झालं. उचलेल की नाही या काळजीत मी महिनाभर कागदावर रेघोट्या मारल्या. ते उचललेलं वजन ट्रॅक्टरच्या अंगावर नेमकं कुठं जाऊन बसणार, हे मात्र फार उशिरा पाहिलं. या आठ महिन्यांत जे जे बिघडलं त्यातलं बहुतेक त्याच एका दुर्लक्षातून आलं.

आधी माझ्या मापांबद्दल. ट्रॅक्टर २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह, रिकामा ९८० किलो. वजनकाट्यावर फक्त पुढची चाकं चढवली तेव्हा ४२० भरले, म्हणजे मागं ५६०. दोन्ही अॅक्सलमधलं अंतर दीड मीटर. लोडरचे आर्म १०० बाय ५० च्या, ५ मिमी जाडीच्या पाइपचे. हा पाइप मीटरला साधारण ११ किलो भरतो. बकेट १२०० मिमी रुंद, पुढच्या टायरांच्या बाहेर दोन्हीकडं चार बोटं निघेल एवढी. याहून अरुंद केली तर टायर न उचललेल्या मातीवर चढतात. सपाट भरली तर त्यात २० लिटरच्या साडेसहा बादल्या माती मावते. तेलाच्या प्रेशरवर चालणारे उचलायचे जॅक ५० बोअर (आतला व्यास), ३० रॉड (दांड्याची जाडी), ४५० स्ट्रोक (दांडा बाहेर येतो ते अंतर), सगळं मिमीत. बकेट पालथी करायचे ४० बोअर, २५ रॉड, ३५० स्ट्रोक. सगळं मिळून लोडर २१० किलोचा झाला.

जोराचा हिशोब सोपा आहे, आणि सोपा असल्यामुळंच फसवा. ५० बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर. प्रेशर १५० बार, म्हणजे एका जॅकला सुमारे ३ टन, दोघांना ६. हा आकडा पाहून मी खूश. पण आर्म १९०० मिमी लांब, आणि बकेट जमिनीवर असताना जॅकच्या जोराची रेषा आर्मच्या पिनेपासून जेमतेम १५० मिमीवरून जाते. त्यामुळं बकेटच्या पिनेपर्यंत पोचेस्तोवर ६ टनांचे पावणेपाचशे किलो होतात. त्यातून आर्मचं आणि बकेटचं स्वतःचं वजन वजा केलं की हातात सव्वातीनशे किलो उरतात. एवढ्या ट्रॅक्टरला ते भरपूर आहे, खरं तर जास्तच. मोठ्या बोअरचे जॅक लावायचा मोह होत असेल तर आवरा.

ओल्या मातीची बकेट शीग लावून भरली की अडीचशे किलो होतात. हे वजन पुढच्या अॅक्सलच्याही पुढं १.२ मीटरवर लोंबकळतं. तराजूचंच गणित: पुढच्या चाकांवर २५० नाही, ४५० किलो वाढतात, आणि मागच्या चाकांवरचे २०० कमी होतात. लोडरचं स्वतःचं वजन धरून पुढं ११३५ च्या आसपास, मागं जेमतेम ३००. म्हणजे कंपनीनं ज्या पुढच्या अॅक्सलवर ४२० किलो ठेवून ट्रॅक्टर विकला, त्यावर मी पावणेतीनपट बोजा टाकत होतो. आणि ब्रेक असतात मागच्या चाकांना. पहिल्याच आठवड्यात भरलेली बकेट घेऊन उतारावरून येताना ब्रेक दाबला, तर मागची चाकं जागीच थांबली आणि ट्रॅक्टर मात्र घसरत पुढं येत राहिला. बकेट जमिनीला टेकवली तेव्हा थांबला. ब्रेकच्या पेडलवर पाय तसाच, आणि गुडघा थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी २०० लिटरचं पिंप आडवं कापलं, आत थ्री पॉइंटच्या (ट्रॅक्टरच्या मागं अवजार जोडायच्या तीन सांध्यांच्या) पिना आणि वरच्या लिंकसाठी पट्ट्या वेल्ड केल्या आणि काठाच्या थोडं खालपर्यंत काँक्रीट भरलं. काँक्रीट लिटरला साधारण २.४ किलो, तेव्हा ठोकळा २२० किलोचा झाला. तो मागच्या अॅक्सलच्या मागं एक मीटरवर येतो. त्यानं पुढचा बोजा ९९० वर आला आणि मागं ६७० झाले. फरक आकड्यापेक्षा स्टिअरिंगला जास्त कळतो. आधी भरलेल्या बकेटीसह वळवायला दोन्ही हात आणि खांदा लागायचा, आता एका हातानं वळतं. या अख्ख्या प्रकल्पातली सर्वांत स्वस्त, सर्वांत कुरूप आणि सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे हे अर्धं पिंप. ते मी लोडर बनवून झाल्यावर केलं, आणि करायला हवं होतं सर्वांत आधी.

दुसरी चूक सबफ्रेमची, म्हणजे लोडर ट्रॅक्टरला बांधणाऱ्या सांगाड्याची. छोट्या ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं जोडलेले, तोच त्याचा कणा. मी लोडरचे खांब क्लच हाउसिंगच्या बाजूला बांधले आणि पुढून वजनाच्या ब्रॅकेटला धरले. बकेट ढिगाऱ्यात घुसवली की सगळा धक्का थेट त्या सांध्यात. दोन महिन्यांनी खाली तेलाचा ओघळ दिसला. पाना लावला तर हाउसिंगचे तीन बोल्ट हातानं फिरावेत इतके सैल. कास्टिंगला तडा गेला नव्हता, हे नशीब. मग दोन्ही बाजूंनी ७५ बाय ४० चे चॅनेल मागच्या अॅक्सलच्या हाउसिंगपर्यंत नेऊन तिथं बांधले. आता धक्का चॅनेलमधून मागं जातो. त्यानंतर सहा महिन्यांत एकही बोल्ट हललेला नाही. दर महिन्याला तपासतो म्हणून सांगतोय.

हायड्रॉलिकचं काम स्वच्छ झालं असं मला वाटलं होतं. दोन स्पूलचा (तेल इकडं-तिकडं वळवणाऱ्या सरकत्या दांड्यांचा) व्हॉल्व्ह, उचलायच्या स्पूलला फ्लोट, म्हणजे जॅकमधलं तेल मोकळं सोडायची सोय. फ्लोट नक्की घ्या; जमीन सारखी करताना बकेट स्वतःच्या वजनावर उंचसखल भागावरून सरकते, सारखं लिव्हर हलवत बसावं लागत नाही. पंपाची लाइन व्हॉल्व्हमध्ये आणली आणि व्हॉल्व्हचं परतीचं तोंड थ्री पॉइंट उचलणाऱ्या ट्रॅक्टरच्या लिफ्टकडं जोडलं. लोडर झकास चालला. मग थ्री पॉइंटवरचं अवजार उचललं आणि स्पूलच्या टोकाच्या सीलमधून तेलाची चिळकांडी थेट माझ्या शर्टावर. परतीच्या पोकळीत प्रेशर यावं अशी तिची बनावटच नसते, आणि लिफ्टवर भार आला की तिथं पूर्ण प्रेशर तुंबतं. यासाठी पॉवर बियाँडचं तोंड असलेला व्हॉल्व्ह लागतो: एक लाइन पुढं लिफ्टला, परतीची वेगळी लाइन सरळ गिअरबॉक्सच्या टाकीत. माझ्या व्हॉल्व्हला ते तोंड करून देणारी स्लीव्ह बसवता येत होती म्हणून निभावलं. दुसऱ्या एखाद्या व्हॉल्व्हचं शरीरच फुटलं असतं. घेतानाच विचारून घ्या.

जोडणीत टेफ्लॉनची टेप वापरू नका. तिचे तुकडे सुटून स्पूलमध्ये अडकतात. बीएसपी मापाच्या आट्यांना डाउटी वॉशर (आतून रबराची कड असलेले) घाला, बस्स. आणि गळती कुठून आहे ते हात फिरवून कधीच शोधायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा. बारीक छिद्रातून सुटलेलं तेल कातडीच्या आत घुसतं. वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण तशी खूण दिसली तर दुखायची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा लागतो.

तेलाचीही एक गंमत कळली. चारही जॅक आणि होज भरायला गिअरबॉक्समधलं सुमारे ३ लिटर तेल गेलं, ते वरून भरलं. तरी आर्म वर असताना चढावर पंप रडायला लागायचा. जॅकच्या रॉड बाहेर आल्या की त्यांनी आत अडवलेली जागा तेलानं भरते. माझ्या चार जॅकचा हिशोब एक लिटरच्या आसपास जातो. म्हणजे पातळी पाहायची ती रॉड बाहेर असताना. मी आर्म खाली ठेवून पाहत होतो आणि पातळी बरोबर आहे म्हणून समाधानी होतो.

वेगाबद्दल तक्रार नाही. पंप पूर्ण फेऱ्यांवर मिनिटाला १८ लिटर देतो, आर्म ६ सेकंदांत वर. १५०० आरपीएमवर १० सेकंद. मी १५०० वरच काम करतो. घाई केली की अर्धी माती वाटेत सांडते.

वेल्डिंगमध्ये एकच गोष्ट मनासारखी झाली, आणि तिचं श्रेय लेथवाल्या काकांना. मी दोन्ही आर्म वेगवेगळे करायला निघालो होतो. ते म्हणाले, "अरे, दोन्ही एकावर एक टाके मारून धर, भोकं एकदम पाड. आणि बुश (पिनेभोवतीची नळी) बसवशील तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शाफ्ट आत घालून ठेव. वेल्ड थंड होताना ओढणारच, पण शाफ्ट त्याला वाकडं जाऊ देणार नाही." तसंच केलं. आज आठ महिन्यांनीही बकेटची पिन हातोडीच्या दोन हलक्या टोल्यांत निघते. पिना २५ मिमीच्या, ईएन ८ पोलादाच्या. बुश मुद्दाम त्याहून मऊ ठेवले, कारण झिजायचंच तर बुश झिजावा. ग्रीसचे निपल बारा. दर दहा तासांनी बाराही. आळस केला की चौथ्याच दिवशी सांधे किरकिरतात, आणि खालचे दोन निपल चिखलात लपलेले असतात, तेच नेमके विसरतात.

बकेटच्या ओठाचं मात्र फसलं. जुन्या पाट्याच्या स्प्रिंगचं पान चांगलं कडक म्हणून ते सरळ साध्या रॉडनं वेल्ड केलं. तिसऱ्या महिन्यात वेल्डला लागून केसासारखी चीर, पुढच्या आठवड्यात पानाचा वीतभर तुकडा ढिगाऱ्यातच राहिला. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन जास्त. न तापवता वेल्ड केलं की कडेचा भाग काचेसारखा होतो. तापवून, वेल्डिंगचे कोरडे ७०१८ रॉड वापरून, हळू थंड होऊ देऊन जमतं. मी तो नाद सोडला आणि नवी पट्टी नांगराच्या फाळाला लागतात तसल्या चपट्या डोक्याच्या बोल्टनी बसवली. झिजली की उलटी फिरवायची.

जॅकची रॉड वाकवण्याचा मानही मी मिळवला. बकेट पूर्ण पालथी करून मागं गिअर टाकायचा आणि ओठानं माती ओढत आणायची, ही सवय दिसायला छान. त्या वेळी पालथे करायचे जॅक पूर्ण बाहेर असतात, २५ मिमीची रॉड सर्वांत लांब आणि सर्वांत दुबळी. ओठ एका पुरलेल्या दगडाला अडला. मी क्लच दाबेपर्यंत डावी रॉड बोटभर वाकली होती. आता मागं ओढायचं असेल तर बकेट जवळजवळ सपाट ठेवून, फ्लोटमध्ये.

सर्वांत जास्त घाबरवलं ते त्या बुंध्यानं. माझ्या लोडरला बकेट आपोआप सपाट ठेवणारी लिंक नाही. आर्म जसा वर जातो तशी बकेट मागं झुकत जाते, हे मला माहीत होतं, पण मातीच्या वेळी जाणवत नाही. बुंधा गोल. आर्म डोक्याच्या उंचीला गेला आणि बुंधा बकेटच्या पाठीवरून बॉनेटच्या दिशेनं सावकाश लोळायला लागला. लिव्हर पुढं ढकलला म्हणून तो परत बकेटीत गेला. एक सेकंद उशीर झाला असता तर माझ्या मांडीवर. त्याच संध्याकाळी बकेटच्या पाठीवर फूटभर उंच जाळी उभी केली, आणि गोल वस्तू गुडघ्यापेक्षा वर उचलायची नाही असं ठरवलं. चालतानाही बकेट खालीच. उंच बकेट घेऊन आडव्या उतारावर वळायचं धाडस ट्रॅक्टर उलटला तर वाचवणाऱ्या सीटमागच्या दांड्याच्या आणि पट्ट्याच्या भरवशावरही मी करत नाही.

ज्यांना क्लच दाबूनच पुढं-मागं करावं लागतं त्यांनी क्लचही खर्चात धरावा. एका तासात मी साठेक वेळा गिअर बदलतो. नांगरताना तेवढे आठवड्यात होत नसतील. क्लच झिजल्यामुळं माझा पेडल आता आधीपेक्षा बराच वर सुटतो.

पुन्हा बनवला तर लोडर काढून ठेवल्यावर तो ज्यांवर उभा राहतो ते काढता-घालता येणारे पाय चांगले करीन. सध्याचे खांबाला टेकतात, पण मऊ जमिनीत रुततात आणि मग पिना जुळवायला अर्धा तास जातो. बकेट १५ सेंटिमीटरनं उथळ करीन. शेणखताला आहे ती छान आहे, भरून ८० किलोही होत नाही. पण ओली माती दिसली की माणूस शीग लावतोच, मला माझा हात माहीत आहे. जॅक तेच, आर्म तेच.

पुढच्या टायरांत हवा वाढवली आहे, टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. पुढच्या अॅक्सलचं तेल वेळेआधीच बदललं. त्यात चुंबकाला चिकटलेला राखाडी गाळ होता, पण कण नव्हते. उजव्या हबचं सील मात्र गेल्या आठवड्यात गेलं, ते नवं घातलं. डावं अजून कोरडं आहे. रोज सकाळी डिपस्टिक पाहायच्या आधी तिथं बोट फिरवून बघतो.